पेलिकन गल्लीचा चरक

हेस्टर ट्रिगचा नवरा अँब्रोज टेम्स नदीत बुडून मेला, तेव्हा पेलिकन गल्लीनं तिला रीतसर चरक दिला.

चरक म्हणजे उसाचा नव्हे. लंडनच्या त्या भागात ऊस कुणी चित्रातसुद्धा पाहिला नव्हता. हा कपड्यांचा चरक. लोखंडी चौकट, तीत एकावर एक दोन जाड लाकडी रूळ, बाजूला मोठं चाक आणि चाकाला दांडा. ओलसर चादर एका बाजूनं रुळांत धरायची, दांडा फिरवायचा, की दुसऱ्या बाजूनं ती पाद्र्याच्या चेहऱ्यासारखी गुळगुळीत होऊन बाहेर येई. वजनाला म्हशीच्या रेडकाएवढा आणि ओरडायलाही तसाच. अर्धी खोली त्यानंच अडवलेली. उरलेल्या अर्ध्या खोलीत हेस्टर, तिची खाट आणि तिची किटली.

हा चरक कुणा एकीचा नव्हता. फार पूर्वी कुणाच्या तरी मयताच्या वेळी कोपऱ्यावरच्या पबात लोकांनी गाणी म्हणून, थाळी फिरवून तो घेतला होता, आणि तेव्हापासून, लोकांचे कपडे दाबून तिचं पोट चालावं म्हणून, तो या विधवेकडून त्या विधवेकडे जात आला होता. नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायची सोय नव्हती. घरात पुरुष नसला की चरक यायचा, पुरुष आला की चरक जायचा. हेस्टरच्या आधी तो मिसेस बॅग्लीकडे होता. त्या बाईनं एका कचरागाडीवाल्याशी दुसरं लग्न केलं. चर्चमधून परतताना नवरी हमसून हमसून रडत होती. बघणाऱ्यांना वाटलं, बिचारीला पहिला नवरा आठवला. तिला चरक आठवत होता.

अँब्रोज तसा वाईट माणूस नव्हता. वाईट असायलाही थोडी मेहनत लागते. सकाळी डॉकच्या फाटकाशी मजूर निवडायला मुकादम उभा राहिला की बाकीचे पुरुष एकमेकांच्या खांद्यावर चढून हात दाखवत, आणि अँब्रोज सगळ्यात मागे उभा राहून टोपी नीट करत असे. "आज नाही घेतलं गं," असं तो घरी येऊन म्हणे, ते अशा सुरात, की ऐकणाऱ्याला मुकादमाचीच कीव यावी. एक दिवस तो "ग्रेव्हसेंडला कुणीतरी माणसं घेतंय म्हणतात" असं सांगून गेला आणि आलाच नाही. पुढे नदीच्या पोलिसांना एक मढं सापडलं.

ते ओळखायला हेस्टर गेली तेव्हा तिच्याबरोबर मिसेस पॉटल होत्या. मिसेस पॉटल म्हणजे गल्लीच्या सुईणबाई. जन्मलेल्याला आंघोळ घालणं आणि मेलेल्याला आंघोळ घालणं ही दोन्ही कामं त्यांच्याकडे होती. मधल्या आंघोळींशी गल्लीचा फारसा संबंध नव्हता.

"तोंड बघू नकोस, बाळा," त्या म्हणाल्या होत्या. "पाणी तोंड ठेवत नाही. बूट बघ."

पेलिकन गल्लीत माणूस बुटांवरूनच ओळखायची पद्धत होती. तोंडं सगळ्यांची सारखीच, भुकेली. बूट मात्र प्रत्येकाचे वेगळ्या ठिकाणी फाटलेले. हेस्टरनं बूट बघितले. डाव्या बुटाला तिनंच कातडीच्या कारखान्याबाहेरून वेचून आणलेल्या लाल तुकड्याचं ठिगळ लावलं होतं. ती "होय" म्हणाली. अँब्रोजच्या मयताला मान मिळाला. घोड्यांच्या डोक्यांवर काळे तुरे होते, परत आल्यावर लोकांना खायला डुकराचं हॅम होतं. जिवंतपणी ज्याच्या घरी पावावर चरबीसुद्धा बेतानं लागे, त्याच्या नावानं गल्ली हॅम खाऊन तृप्त झाली.

त्यानंतर हेस्टर चरक फिरवत राहिली. खाणावळी आणि भाड्याच्या खोल्यांमधले कपडे टोपलीत घालून आणायचे, दाबायचे, घड्या घालायच्या, पोचवायचे. एका हातानं चादर धरायची, दुसऱ्या हातानं दांडा ओढायचा. हे खरं म्हणजे दोन माणसांचं काम. ते एकटीनं करता करता तिचा उजवा खांदा डाव्याहून वर चढला, आणि रात्री कूस कुठलीही घेतली तरी तो चुकीचीच लागे. थकवा असा की झोपून उठलं तरी तो उशाशी बसलेलाच असे. पण खोली तिची होती. संध्याकाळी चहा एकाच कपात ओतायचा आणि तो कुणी न विचारता प्यायचा, यात काय सुख आहे, हे ज्याला दुसरा कप कायम भरावा लागला त्यालाच कळतं.

मग टिल्डा क्रूचा नवरा कोळशाच्या जहाजात वरून खाली पडला.

टिल्डा समोरच्या दारात राहायची. पोरवयाची, एक मूल कडेवर आणि दुसरं वाटेवर. नवऱ्याचं मयत साधंच झालं. हॅमऐवजी चीज. आता चरक हवा तो तिला. पण चरक हेस्टरकडे, आणि हेस्टरही विधवाच. एका चरकाला दोन विधवा अशी वेळ गल्लीवर कधी आली नव्हती. तेव्हा गल्लीनं गल्लीच्या डोक्यानं मार्ग काढला. हेस्टरचं लग्न लावायचं.

"अहो मिसेस ट्रिग," मिसेस पॉटल नळावर म्हणाल्या, "तो मांजरांसाठी मटण विकणारा मिस्टर डॉबल आहे ना, तो परवा तुमची चौकशी करत होता."

"कशाची?"

"तुमचीच हो. एकटा आहे बिचारा. घरात सगळीकडे मटण."

"मांजरांचं," हेस्टर म्हणाली.

"अहो, मटण ते मटणच."

हेस्टरनं बादली उचलली. मिस्टर डॉबल तिच्याकडे टोपी काढून पाहत, तेव्हा त्यांच्यामागे सात-आठ मांजरंही पाहत असत. तिनं नकार दिला. तिला नवरा नको होता असं नव्हे. तिला चरक हवा होता. चरक गेला तर पोती शिवायची उरत, आणि पोत्यांवर जगलेलं माणूस गल्लीनं पाहिलं नव्हतं. पोत्यांच्या पुढची पायरी म्हणजे वर्कहाउस, कंगालांचा सरकारी कोंडवाडा. तिथे केस कापतात, आपला झगा काढून घेतात आणि सगळ्यांना एकसारखा देतात.

टिल्डा तिला दारातून दिसे. तीसुद्धा पोतीच शिवत होती. दिसू नये म्हणून हेस्टरनं चरक थोडा सरकवून पाहिला, पण त्याला सरकवणं एकटीचं काम नव्हतं.

अशा वेळी, एका बुधवारी दुपारी, हेस्टर खाणावळीची मोठी चादर चरकातून काढत असताना दारात सावली पडली.

"काय गं," अँब्रोज ट्रिग म्हणाला, "चहा आहे का?"

हेस्टर किंचाळली नाही. चादर अर्धी आत होती. अर्ध्यावर थांबवली तर मधोमध घडी पडते आणि ती पुन्हा जात नाही. तिनं दांडा फिरवून चादर पूर्ण काढली, टोपलीत ठेवली, मग वळली.

"तू मेलास," ती म्हणाली.

"मी? कधी?"

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात. घोड्यांना तुरे होते. लोकांना हॅम होतं."

"हॅम!" अँब्रोज खाटेवर बसलाच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या मयताला हॅम, आणि मी तिकडे ग्रिम्सबीला हेरिंग मासे खात बसलो होतो! कुणी बोलावलंसुद्धा नाही!"

"बूट कुठे आहेत तुझे?"

"हे काय." त्यानं पाय पुढे केले. पायांत कुणा खलाशाचे बूट होते.

"ते नाहीत. लाल ठिगळाचे."

"हां, ते होय. ग्रेव्हसेंडला एक जण भेटला. त्याच्याकडे तंबाखू होता, बूट नव्हते. माझ्याकडे बूट होते, तंबाखू नव्हता. सौदा झाला."

"नाव काय होतं त्याचं?"

"नाव कशाला विचारायचं? बूट मापाला बसले त्याला."

हेस्टर चरकाला टेकून उभी राहिली. म्हणजे ज्याच्यावर ती रडली, ज्याच्यासाठी झगा काळा रंगवला, तो कुठल्या तरी दुसरीचा होता. कुठे तरी एखादी बाई अजून संध्याकाळी दुसरा कप बाहेर काढून ठेवत असेल. तिला ना मढं मिळालं, ना हॅम, ना चरक. आपण तिचंही घेऊन बसलो. हेस्टरला एकदम इतकं दमल्यासारखं झालं, की अँब्रोजवर रागवायचं ती उद्यावर टाकून चहा करायला लागली.

"एक निरोप तरी पाठवायचास," ती किटलीकडे बघत म्हणाली.

"म्हटलं, तुला कशाला उगीच काळजी लावायची?" अँब्रोज म्हणाला, आणि त्याला ते मनापासून वाटत होतं. हीच तर त्याची अडचण होती.

बातमी गल्लीत पसरायला चहा निवण्याएवढाही वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा अख्खी गल्ली चौकात होती. पाणी येतं तेवढ्या वेळातच गल्लीचा कारभार चाले. पाणी गेलं की सभा बरखास्त.

मिसेस पॉटल अँब्रोजसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अँब्रोज ट्रिग, मी या हातांनी तुला धुतलंय."

"मला नाही हो, मिसेस पॉटल. दुसऱ्याला."

"मग ती आंघोळ फुकट गेली म्हणायची." त्यांनी त्याला मानेपासून पायापर्यंत न्याहाळलं. "आणि तुला अजून हवीच आहे."

लोक हसले. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी हॅम कसं होतं ते सांगितलं. अँब्रोजनं ते पुन्हा सांगायला लावलं. मग हळूहळू हसणं थांबलं, आणि कुणीही न सांगता सगळ्या माना एका दाराकडे वळल्या. टिल्डा मूल घेऊन उंबऱ्यात उभी होती. सगळे पाहतात हे लक्षात येताच तिनं नजर खाली केली.

"तर मग, मिसेस ट्रिग," मिसेस पॉटल म्हणाल्या. आवाज मऊ होता. मढ्यापाशी असे तसाच. "घरात पुरुष आला."

हेस्टर रात्रभर याच वाक्याची वाट पाहत पडली होती.

"पुरुष म्हणजे कमावता पुरुष," ती म्हणाली. "नियमाचा अर्थ तोच ना? मेलेला कमवत नाही म्हणून चरक देता. हा जिवंतपणी कमवत नव्हता. मग मी तेव्हाही चरकाची हक्कदारच होते. तुम्हीच सांगा, याला कुणी कमावता म्हणेल?"

अँब्रोजनं आजूबाजूला पाहिलं. कुणी तरी म्हणेल अशी त्याला आशा होती.

"मुद्दा बरोबर आहे," मिसेस पॉटल म्हणाल्या. "पण बाळा, कोण कमावतं आणि कोण नाही हे बघत बसलं, तर अर्ध्या गल्लीला चरक द्यावे लागतील."

त्यावर बायका खो खो हसल्या आणि पुरुष बादल्यांत बघायला लागले.

"मी विधवा होते तेव्हा पोटभर खात होते, मिसेस पॉटल," हेस्टर म्हणाली. "आता काय करू? याला मारून टाकू?"

"तेही झालंय एकदा," मागून कुणी तरी म्हणालं.

तेवढ्यात टिल्डा बोलली. इतक्या हळू, की नळाखालची बादली सरकवून आवाज बंद करावा लागला. "राहू द्या. त्यांच्याकडेच राहू द्या. मी जाते वर्कहाउसात. बाळंतपणही तिथेच होईल."

हेस्टर तिच्यावर उसळली. "तू गप्प बस गं! तू अशी मवाळ बोलतेस म्हणून तर मला धड भांडताही येत नाही!"

टिल्डा रडायला लागली, मूल रडायला लागलं. आणि अँब्रोज ट्रिग, ज्याला आयुष्यात कुणी कधी कशाला पुढे बोलावलं नव्हतं, तो दोन पावलं पुढे आला. छाती काढून म्हणाला, "देऊन टाक, हेस्टर. पोरीला दे. आता मी आहे ना!"

गल्लीत कुणीही हसलं नाही. गल्लीनं कुणाच्याही बाबतीत दाखवलेली ती सगळ्यात मोठी सभ्यता असेल.

हेस्टरनं मान डोलावली. अँब्रोजच्या शब्दावर नव्हे. त्याच्या शब्दावर तिनं लग्न केलं होतं, तेवढं पुरे झालं होतं. टिल्डाच्या कडेवरचं मूल रडता रडता हेस्टरकडे बघत होतं, आणि त्याच्या पायात काहीच नव्हतं.

"न्या," ती म्हणाली.

पाणी जायच्या आत चरक उचलला गेला. चौघे पुरुष लागले, पाचवा अँब्रोज. खरं सांगायचं तर त्यानंच तो दारातून तिरका करून काढला, दगडांवर घसरू दिला नाही, टिल्डाच्या अरुंद उंबऱ्यातून आत घातला. इतक्या वर्षांत त्याला काम करताना गल्लीनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तो घाम पुसत, लाजत, सगळ्यांकडे बघत हसत परत आला.

खोलीत हेस्टर उभी होती. जमिनीवर चरकाच्या चार पायांचे चार खड्डे होते, त्यांच्यात धुळीच्या गुठळ्या. तेवढी जागा सोडली तर फळ्या झिजलेल्या. ती जिथे रोज उभी राहायची तिथे तर बशीसारखा खळगा झाला होता.

अँब्रोज हात पसरून खाटेवर आडवा झाला. "बघ, खोली कशी मोकळी झाली, नाही का गं?"

हेस्टरनं विचारलं, "उद्या सकाळी डॉकवर जाशील?"

"उद्या?" त्यानं गंभीरपणे विचार केला. "उद्या शुक्रवार. शुक्रवारी तिथे काही नसतं गं. सोमवारी बघू."

तिला मनात राग शोधूनही सापडेना. राग यायलाही अंगात थोडं बळ लागतं. तिनं ॲप्रन बांधला. किटली घेतली. कालची खाणावळीची टोपली कमरेवर घेतली.

"कुठे निघालीस?"

"कामावर."

"आणि चहा?"

तिनं मागे न बघता दार लोटलं.

समोर टिल्डा चरकाशी झटत होती. चादर तिरकी शिरली होती आणि ती दांडा जोरानं ओढत होती, एका हातानं कपडा, एका हातानं दांडा, बोटं रुळांपासून कणभर दूर.

"सोड," हेस्टर म्हणाली. "बोटं जातील. मिसेस बॅग्लीचं अर्धं बोट याच्यात गेलंय." तिनं चादर मागे घेतली, कड सरळ केली. "तू दांड्याशी जा. कपडा मी धरते."

त्या दोघी असं करत असताना मिसेस पॉटल दारात येऊन उभ्या राहिल्या. गल्लीचा न्याय नीट पोचला की नाही ते बघायला त्या आल्या होत्या.

"मिसेस ट्रिग, चरक टिल्डाचा आहे."

"टिल्डाचाच आहे. मी फक्त कपडा धरतेय. कपडा धरायला विधवा असावं लागतं का?"

मिसेस पॉटलनी विचार केला. यावर नियम नव्हता. "आणि तुमचा नवरा?"

"घरी आहे. तोही कुणाला हवा असेल तर न्या. उचलायला पाचवा माणूस लागणार नाही."

म्हाताऱ्या बाईच्या तोंडाचा कोपरा हलला. मग त्या पुन्हा गंभीर झाल्या. "एका चरकावर दोघींचं भागेल का गं, हेस्टर?" पहिल्यांदाच त्यांनी तिला नावानं हाक मारली होती.

"नाही भागणार," हेस्टर म्हणाली. "तिचं पोर, वाटेवरचं दुसरं, समोर तो माणूस. कसं भागेल? पण खांदा तरी वाचेल."

मिसेस पॉटल आत आल्या. टिल्डाच्या मुलाला उचलून मांडीवर घेऊन बसल्या आणि त्याचे गार पाय पदराखाली घ्यावेत तसे आपल्या शालीखाली घेतले.

टिल्डा दांडा फिरवत होती. पहिल्यांदा फार जोरात, मग हेस्टरनं सांगितल्यावर सावकाश. चादर निघाली, दुसरी गेली. उशीचे अभ्रे गेले. दाराशी ठेवलेल्या टोपलीतला पुढचा कपडा घ्यायला हेस्टर खाली वाकली आणि वाकलेलीच टिल्डाच्या पायरीवर टेकली. कपडा मांडीवर तसाच राहिला.

दांडा थांबला. "काय झालं हो?" टिल्डानं घाबरून विचारलं.

"काही नाही गं," हेस्टर म्हणाली. "बसलेय जरा."